आबांची दुपारची झोप

आमच्या घरात माझ्याइतकं कुणीच बोलत नाही. लग्नाआधी साताऱ्यात माझे वडील, म्हणजे आबा, दिवसातनं कितीदा तरी म्हणायचे, "पोरी, जरा गप बस की." लग्न होऊन तासगावजवळच्या या गावात आले, तर महिन्याभरात नवराही हात जोडून तेच म्हणायला लागला. शाळेत मी भूगोल शिकवते. माझा आवाज शेजारचे दोन वर्ग ओलांडून जातो अशी मुख्याध्यापकांची तक्रार आहे. अशा बाईच्या पोटची पोर चार वर्षांची झाल्यावर हळूहळू बोलायची थांबेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

ती झोपत नाही, हे मात्र पहिल्यापासून दिसत होतं. त्याचं दोन्ही घरांत कौतुक चाललं होतं.

माझं सासर द्राक्षवाल्यांचं. बाग आहे, बेदाण्याची शेड आहे. हंगामात द्राक्षं तोडून आली की ती जाळ्यांवर पसरायची, औषध मारायचं आणि वाळेपर्यंत आभाळाकडे डोळे लावून बसायचं. ढग दिसले की कसली रात्र आणि कसला दिवस. त्यामुळे या घरात माणूस किती जागू शकतो यावर त्याची किंमत ठरते. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या पहाटे चारला उठतात आणि दिवसा त्यांची पाठ जमिनीला टेकलेली कुणी पाहिलेली नाही. घरात दुपारी कुणी आडवं झालेलं दिसलं, की त्या आधी कपाळाला हात लावून ताप बघतात. ताप नसला तर मग त्या माणसाचं काही खरं नाही.

आबा फौजेतनं हवालदार म्हणून बाहेर पडले आणि नंतर साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर बरीच वर्षं रात्रपाळी केली. "तीन तास झोपलं की माझी बॅटरी फुल्ल," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. पाहुण्यांना सांगायचे, दुकानदाराला सांगायचे, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचे. या सगळ्या जागत्या लोकांत मी एकटीच झोपाळू. फळा पुसता पुसता मला डुलकी येते, हे खरं आहे, विनोद नाही.

बारशाच्या दिवशी भर दुपारी, एवढ्या गोंगाटात, लेक पाळण्यात डोळे उघडे ठेवून पडली होती.

"बघा की, कशी टकामका बघतीया," आत्या म्हणाल्या. "आमच्या घराची हाय. उद्या शेडवर कामाला येणार."

"छ्या, विहीणबाई," आबा मिशीवर हात फिरवत म्हणाले. "ही माझी रिक्रूट हाय. संत्रीच्या पहाऱ्यावर जन्मलीया."

"पाव्हणं, रंग तुमचा असंल. डोळं आमचं हायती."

सगळे हसले. मी बाळंतीण, भिंतीला टेकून पेंगत होते. माझ्यावर हक्क सांगायला कुणी येत नव्हतं.

पोर मोठी होत गेली तशी तिची झोप आणखी तुटक झाली. जरा डोळा लागला की दचकून उठायची. उठली की घरातलं कुणी ना कुणी जागं असायचंच. आत्या तांदूळ निवडत बसलेल्या, नवरा शेडवर निघालेला. तिला उचलायचं, फिरवायचं, आणि घराण्याचं वळण आहे म्हणून सोडून द्यायचं. मी एकदा म्हणाले, डॉक्टरांना दाखवू या का, तर आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला गोरेपणाचा आजार झालाय म्हणत होते.

बोलायला ती लवकर लागली, ते श्रेय माझं. दीड वर्षाची असताना मूठभर बेदाणे पुढे करून "बेदाना, बेदाना" करत शेडभर फिरायची. ट्रॅक्टरचा आवाज आला की त्याचं नाव घेत दारात पळायची. आबांचा फोन आला की स्क्रीनला सलाम ठोकून "जयहिंद आबा" म्हणायची. आबा तिकडे साताऱ्यात उभे राहून सलाम घ्यायचे, असं आई सांगायची.

मग चार वर्षांच्या आसपास ती हाकेला उत्तर देईनाशी झाली. आम्हाला वाटलं, खेळात आहे. मग वाटलं, ऐकू येत नसेल. सांगलीला नेऊन कान तपासले, कान ठणठणीत. अंगणवाडीतल्या ताई म्हणाल्या, "लाडावलीया." आत्यांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि ताट मी धरलं. त्या दिवसांत कुणी शेडभोवती उलटी चाल म्हणालं असतं, तर मी तेही केलं असतं.

एका दुपारी मी शेडवर होते. लेक तळहातावर एक बेदाणा घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ हलले. पुन्हा हलले. तिनं बेदाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हरवल्याचं स्पष्ट दिसलं. दीड वर्षाची असल्यापासून तोंडात असलेला शब्द तिला सापडत नव्हता. शेवटी तिनं तो बेदाणा माझ्या हातावर ठेवला आणि निघून गेली. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

मिरजेला लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर होत्या, त्यांच्याकडे गेलो. शांत बाई, पण बोलताना डोळ्यांत बघून बोलणाऱ्या. त्यांनी मेंदूचा आलेख काढला, डोक्याला वायरी लावून काढतात तो. पोर जागीच होती. आलेख चांगला आला. आम्ही सुटकेचा श्वास टाकला, बाई मात्र हसल्या नाहीत.

"मला हिचा झोपेतला मेंदू बघायचाय," त्या म्हणाल्या. "काही मुलांत दिवसा सगळं शांत असतं, आणि झोप लागली की आत विजेचा गोंधळ सुरू होतो. अंग हलत नाही, फिट येत नाही, बाहेरून कुणाला कळत नाही. पण रोज तेच चाललं तर शिकलेलं टिकत नाही. भाषा आधी जाते."

"परत येते का?" मी विचारलं.

"वेळेत सापडलं तर पुष्कळदा येते. उशीर झाला तर मी शब्द देऊ शकत नाही."

घरी जाताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तिच्याजवळ उरलेले शब्द आता बोटांवर मोजण्याइतके होते आणि रोज त्यातला एखादा गळत होता.

हे कशानं होतं, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा बाईंनी सावकाश सांगितलं होतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात. काही जोड पुढे ढकलणारे, काही आवरून धरणारे. दोन्हींचा तोल राहावा लागतो. तो राखणारे घटक जनुकांतल्या नोंदीवरून तयार होतात. एखाद्या जनुकात बारीकसा बदल असला तर ढकलणारं जास्त होतं, आवरणारं कमी पडतं. आणि दिवसभरात हे जोड वाढतात, घट्ट होतात. झोपेत त्यातले जास्तीचे सैल पडतात, असं आम्हाला वाटतं. सगळं अजून कळलेलं नाही, असंही त्यांनी सांगितलं.

नवरा तोवर हातातला मोबाईल नुसता उलटसुलट करत बसला होता. एकदम म्हणाला, "म्हंजी छाटणी. छाटली न्हाई तर बाग नुसती पाल्यानं माजती. घड धरत न्हाई."

"साधारण तसंच," बाई म्हणाल्या.

"मग हिची छाटणीच हुईना," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. लग्नानंतर मी त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं. तेव्हाही तो रडला नाही, पण उठून बाहेर गेला.

निघताना बाईंनी एक काम सांगितलं. "दोन्हीकडच्या घरांत विचारा. लहानपणी कुणाला फिट, बोलणं उशिरा येणं, येऊन जाणं, झोपेच्या तक्रारी. बदल आईवडिलांकडून आलेला असू शकतो किंवा हिच्यातच नवा झालेला असू शकतो. घरात आधी कुणाला असं झालं असेल, तर त्याचं पुढे काय झालं हे मला फार उपयोगी पडेल."

आणि मग एक चमत्कार झाला. दोन्ही घरांना एका दिवसात झोप लागायला लागली.

"आमच्याकडं? न्हाई बाई," आत्या म्हणाल्या. "आमी पडलं की झोपतो. चारला उठती ते कामासाठी. न्हाईतर मी धा वाजंपत्तूर लोळंन."

आबांना फोन केला. "मी? आठ तास झोपतो," ते म्हणाले. "आमच्या खानदानीत सगळी निवांत झोपणारी."

"आबा, तीन तासांत बॅटरी फुल्ल कुणाची होत होती?"

"ते बोलायचं असतं गं. आणि झोपेचा न् बोलण्याचा काय संबंध?"

"कुणाचं बोलणं गेलं होतं का लहानपणी?"

"न्हाई," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

माझा जळफळाट झाला. बारशाला पोरीच्या उघड्या डोळ्यांवरून दोघं भांडत होते, आणि आता दोघंही हात झटकून मोकळे. आत्या तर भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "तुझ्या माहेरचंच असंल काय तरी. पाव्हणं कमीच झोपत्यात, समद्यांना म्हायती हाय." मी म्हणाले, "आणि तुम्ही?" तर म्हणाल्या, "मी जागती ते कष्टानं." त्या दिवशी आमची अशी जुंपली की शेजारीण उगीचच साखर मागायला आली.

झोपेतल्या आलेखाची तारीख मिळाली. डोकं शाम्पूनं धुवून आणा, तेलाचा थेंब नको, असं बजावून सांगितलं होतं. मी आदल्या दिवशी धुतलं. सकाळी निघायच्या गडबडीत आत्यांनी पोरीला मांडीवर घेऊन टाळूला चांगलं वाटीभर तेल जिरवलं. का, तर झोप यावी म्हणून. त्यांच्या हातानं या घरातली सगळी मुलं तेल घालून वाढलीत, त्यांचा हात थांबणार कसा. तिथे गेल्यावर वायरी चिकटेनात. यंत्र चालवणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. नळाखाली डोकं धुताना लेक जी किंचाळली, ती पुरती जागी झाली. झोपेचं औषध पाजलं तर उलटंच झालं, खोलीभर धावत सुटली. शेवटी वायरी काढल्या आणि पुढची तारीख दिली. परतीच्या वाटेवर आत्या पदरानं पोरीचं ओलं डोकं पुसत राहिल्या. माझ्यात त्यांच्यावर ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं.

ती दुसरी तारीख येईपर्यंतचे आठवडे मला आठवायला नको वाटतात. ट्रॅक्टर गेला. पाणी गेलं. आबांच्या फोनला नुसता हात कपाळाला जायचा, शब्द यायचा नाही. आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की ती मला हाक मारत नाही. ओढणी ओढते, हाताला धरते, पण "आई" म्हणत नाही. मी दिवसभर वाट बघितली. मुद्दाम समोर गेले नाही, दाराआड उभी राहिले, म्हणजे शोधताना तरी म्हणेल. ती घरभर शोधत फिरली, मुक्यानं. मला ते सोसवेना, मी बाहेर येऊन तिला छातीशी धरलं.

त्याच दिवशी आबांना फोन करून मी ओरडले, "तुम्ही या. काही करू नका, नुसते या. तिथे माझ्या बाजूनं कुणीतरी उभं पाहिजे."

तारखेच्या दिवशी पहाटेपासून तिला जागं ठेवायचं होतं, म्हणजे तिथे झोप लागेल. गंमत बघा, जन्मभर न झोपलेली पोर त्या दिवशी गाडीत पेंगायला लागली. सांगली जवळ आली तशी तिची मान पडायला लागली. वाटेतच झोपली तर तिथे काही दिसणार नाही, आणि तारीख पुन्हा लांब जाणार. नवरा हॉर्न वाजवत चालवत होता. आत्या ओल्या फडक्यानं तिचे डोळे पुसत होत्या, मी टाळ्या वाजवत होते, गाणी म्हणत होते, चिमटासुद्धा काढला. ती रडायची, आणि रडता रडता पेंगायची. पहिल्यांदाच तिला खरी झोप आली होती आणि आम्ही तिघं मिळून ती मोडत होतो.

आबा साताऱ्याहून पहाटेच्या एसटीनं येऊन दवाखान्याच्या दारात उभे होते. पॉलिश केलेले बूट, इस्त्रीचा शर्ट. पोरीनं त्यांच्याकडे बघून कपाळाला हात नेला. ओठ हलले नाहीत. आबांनी सलाम घेतला, पण त्यांचा हात बराच वेळ खाली आला नाही.

आत नेलं, वायरी लावल्या, वरून पट्टी गुंडाळली. आणि व्हायचं तेच झालं. पोर टक्क जागी. यंत्रवाल्या बाई म्हणाल्या, "झोपली तर बघू. बाहेर पेशंट बसलेत, मला फार थांबता येणार नाही." आम्ही सगळे त्या खाटेभोवती. आत्या थोपटत होत्या, मी गुणगुणत होते, नवरा पायथ्याशी उभा राहून तिच्याकडे एकटक बघत होता. ती एकेकाच्या तोंडाकडे बघायची. डोळे तारवटलेले, लाल, पण मिटायचं नाव नाही. वेळ निघून चालला होता. यंत्रवाल्या बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

आबा इतका वेळ दाराशी ताठ उभे होते, गेटवर राहायचे तसेच. ते पुढे आले.

"समदी भाईर व्हा," ते म्हणाले.

"पाव्हणं, माझ्या हाताची सवय हाय तिला," आत्या म्हणाल्या.

"विहीणबाई, हात जोडतो. भाईर व्हा."

आत्या आणि नवरा गेले. मी हलले नाही, कोपऱ्यात स्टुलावर बसले. आबांनी बूट काढले. हा माणूस घरात बूट काढतानाही टोकं दाराकडे करून जोडीनं ठेवतो, कधीही निघता यावं म्हणून. त्या दिवशी एक बूट खाटेखाली गेला आणि दुसरा आडवा पडला. ते त्या अरुंद खाटेच्या काठावर, नातीकडे तोंड करून कुशीवर झाले.

"आजोबा, वायरी!" यंत्रवाल्या बाई म्हणाल्या.

"धक्का लागणार न्हाई, बाई. ह्याच्यापेक्षा कमी जागंत झोपलोय." आणि त्यांनी डोळे मिटले.

मला वाटलं, सोंग आहे. थोड्या वेळानं त्यांचा श्वास लांबला. तोंड किंचित उघडलं. मग ते घोरायला लागले. खरंखुरं घोरणं. माझं डोकं तडकलं. पोरीची ही वेळ, शेवटची संधी म्हणावी अशी, आणि हा माणूस इथे येऊन झोपा काढतोय. मी त्यांना हलवायला उठले.

आणि लेकीकडे बघून थांबले. ती आबांच्या उघड्या तोंडाकडे बघत होती. मोठं माणूस दिवसाढवळ्या असं आडवं होऊन झोपलेलं तिनं कधी बघितलंच नव्हतं; आत्यांच्या घरात दिवसा पाठ टेकायची माझीही हिंमत नव्हती. तिनं डोळे मिटले. उघडून बघितलं, आबा झोपलेलेच. पुन्हा मिटले. तिच्या आयुष्यात ती जेव्हा जेव्हा जागी झाली, तेव्हा आमच्यापैकी कुणीतरी तिच्याकडे बघत उभं होतं. आम्ही सगळे तिच्यावर पहारा देत होतो, आणि पहाऱ्यात कोण झोपेल. मला हे त्या स्टुलाशी उभं असताना कळलं. तिची मूठ सैल झाली.

पडद्यावर तोवर बारीक लाटा सरकत होत्या. झोप गाढ झाली तशा त्या उसळल्या. एकामागून एक उंच टोकदार रेषा, मध्ये जागाच नाही, सगळा पडदा काळा. यंत्रवाल्या बाई ताठ बसल्या आणि त्यांनी फोन उचलला. खाटेवर पोरीचा चेहरा इतका शांत होता, की मी एकदा तिच्याकडे आणि एकदा पडद्याकडे बघत राहिले. हेच दिसू दे म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं. आता दिसत होतं आणि मला बघवत नव्हतं.

डॉक्टरबाई येऊन मागे उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, "सापडलं."

नंतर त्यांच्या खोलीत आम्ही सगळे बसलो. आबांचे केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. बाईंनी विचारलं, "तुम्हाला हे कसं सुचलं?"

"सुचलं न्हाई," आबा म्हणाले. "माझी आई करायची."

"कशासाठी?"

आबांनी आत्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला तो चेहरा ओळखीचा नव्हता.

"मी पाच-सा वर्साचा असताना माझं बोलणं गेलं हुतं," ते म्हणाले. "गाव मला मुका म्हणायचं. रातीला मी सारखा दचकायचो, झोप न्हाई. आई भर दुपारी रानातलं काम टाकून यायची न् माझ्याशेजारी झोपायची, मी झोपावं म्हणून. लोकं तिला आळशी म्हणायची. पुढं कवातरी मी बोलाय लागलो. भरतीच्या टायमाला सायबांनी विचारलं, लहानपणी काय आजार? म्हटलं, काय न्हाई. तवापासनं काय न्हाईच म्हणत आलोय. हिच्या आईलाबी सांगितलं न्हाई." मग ते आत्यांकडे वळले. "विहीणबाई, आमच्याकडनं आलंय. ते माझं हाय. माझ्या पोरीला बोल लावू नका."

मी आत्यांकडे बघायचं टाळलं. आता काय येणार ते मला पाठ होतं. आत्यांनी पदर सारखा केला, दोनदा घसा खाकरला.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "म्हंजी तुमी परत बोलाय लागला न्हवं?"

"व्हय की."

"समदं?"

"आता ऐकताय की तुमी."

"मग झालं तर," आत्या म्हणाल्या, आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या.

पोरीचं, माझं, नवऱ्याचं आणि आबांचं, सगळ्यांचं रक्त तपासायला बाहेरगावी गेलं. बऱ्याच आठवड्यांनी अहवाल आला. एकाच जनुकातला एकच बदल पोरीत होता, माझ्यात होता, आबांत होता. मी, जी कुठेही झोपते आणि जिचं तोंड बंद होत नाही, ती तो बदल घेऊनच आयुष्यभर फिरत होते. तोच बदल एकाला अडवतो आणि दुसऱ्याला स्पर्शही करत नाही, असं का, ते बाईंनाही पूर्ण सांगता आलं नाही. आबांच्या तीन तासांच्या झोपेचा याच्याशी संबंध असेलच असं नाही, त्याला दुसरी पुष्कळ जनुकं आणि पहाऱ्याची सवय असते, असंही त्या म्हणाल्या. आबा जरा हिरमुसले. मला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

औषधं सुरू झाली. पहिल्यानं काही फरक पडला नाही, ते बदललं. दुसऱ्यानं ती चिडचिडी झाली, सुजली, मग हळूहळू आलेख निवळला. बोलणं मात्र नाही. बाई म्हणाल्या, वाट बघा. मला वाट बघता येत नाही, मी रोज तिच्यासमोर बसून नावं घ्यायचे. बेदाणा. पाणी. आई. ती माझ्या ओठांकडे बघायची आणि उठून जायची.

पुढचा हंगाम आला. आबा मुक्कामाला आले होते. शेडच्या सावलीत त्यांनी रोज दुपारी चटई टाकायची, हा नवा नियम. माल जाळीवर असताना माणसं आडवी होतात, हे बघायला गावातली दोघं-तिघं मुद्दाम डोकावून गेली.

त्या दिवशी मी शाळेतनं आले ती फाटकापासूनच बडबडत. "अहो, ट्रॅक्टर मधेच कुणी लावलाय? माणसानं जायचं कुठनं? आत्या, ऐकताय का?" बोलत बोलत शेडच्या तोंडाशी आले. चटईवर एका बाजूला आबा घोरत होते. दुसऱ्या बाजूला आत्या, डोळ्यांवर पदर घेऊन, पाठ जमिनीला टेकून. मध्ये लेक. माझ्या आवाजानं तिनं मान उचलली. कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघितलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.

"आई," ती म्हणाली. "गप."

आणि पुन्हा आबांच्या कुशीत शिरून तिनं डोळे मिटले.

जन्मभर सगळ्यांनी मला गप बसायला सांगितलं आणि मी कधी बसले नाही. त्या दुपारी शेडच्या उंबऱ्यात, दोन्ही हातांनी तोंड दाबून, ते तिघं उठेपर्यंत मी गप बसून राहिले.